जाड पत्रा, निळा धूर

फोक्सवॅगनच्या सुट्या भागांच्या यादीत १९९ ३९८ ५०० ए हा क्रमांक आहे. हा भाग गाडीत कुठेही बसत नाही, कारण तो सॉसेज आहे. जर्मनीत वोल्फ्सबुर्गच्या मुख्य कारखान्यात कंपनीचा स्वतःचा खाटीक विभाग आहे. तिथे १९७३पासून हे सॉसेज तयार होतं, बीचच्या लाकडाच्या धुरावर धरलं जातं आणि ‘फोक्सवॅगनचा अस्सल सुटा भाग’ अशा छापासकट पाकिटात जातं. काही वर्षी तर फोक्सवॅगनच्या नावाने विकल्या गेलेल्या गाड्यांपेक्षा सॉसेज जास्त निघाली. २०२१मध्ये तिथल्या एका कॅन्टीनने मांसाहार बंद करून हा पदार्थ काढला, तेव्हा माजी चॅन्सेलर गेऱ्हार्ड श्रोडर यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. याच कंपनीच्या चाकणच्या कारखान्याचं उद्घाटन ३१ मार्च २००९ला झालं. सॉसेजचा क्रमांक चाकणच्या स्टोअरमध्ये नसावा, पण गाड्या बनवणाऱ्यांचा आणि धुरावर मांस धरणाऱ्यांचा संबंध किती जुना आहे, हे त्या क्रमांकावरून कळतं.

तो त्याहूनही मागे जातो. हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये लाकूड भरपूर लागे. ते हक्काचं मिळावं म्हणून त्याने मिशिगन राज्यात जंगलच घेतलं. त्या व्यवहारात मदत करणारा एडवर्ड किंग्जफर्ड हा फोर्डच्या चुलतबहिणीचा नवरा. आयर्न माउंटनच्या कारखान्यात फांद्या, ढलप्या, भुसा यांचे ढीग साचायला लागले आणि फोर्डला वाया जाणारी वस्तू बघवत नसे. ऑरिन स्टॅफर्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची पद्धत वापरून त्या भंगार लाकडाचा कोळसा केला, त्यात स्टार्च मिसळलं आणि उशीच्या आकाराच्या वड्या पाडल्या. त्या वड्या फोर्डच्या गाड्यांच्या दुकानांतून विकल्या जात. १९५१मध्ये हा धंदा दुसऱ्यांच्या हाती गेला आणि त्याला किंग्जफर्डचं नाव मिळालं. आज अमेरिकेत अंगणातल्या शेगड्यांमध्ये पेटणारा सर्वांत ओळखीचा कोळसा तोच.

पुढच्याच वर्षी, १९५२मध्ये, शिकागोच्या ‘वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स’मधल्या जॉर्ज स्टीफन या माणसाने पाण्यावर तरंगणाऱ्या बॉयासाठी घडवलेला पत्र्याचा गोल मधोमध कापला. खालच्या अर्ध्याला तीन पाय लावले, वरच्या अर्ध्याला मूठ. झाकण ठेवलं की विस्तव विझायचा, म्हणून भोकं पाडली. आज जगभर विकली जाणारी ती किटलीसारखी गोल शेगडी ही अशी एका पत्राकामाच्या शॉपमध्ये जन्मली. टेक्सासचे आडवे, बाजूला भट्टी असलेले स्मोकर तेलविहिरींच्या पाइपांपासून आणि गॅसच्या जुन्या टाक्यांपासून तिथल्या वेल्डरांनी जोडले. जमैकात रस्त्याकडेचं जर्क चिकन तेलाच्या पिंपात भाजतात. म्हणजे ज्या पट्ट्यात वेल्डर, पत्रा आणि भंगार एकत्र येतात, तिथे कधी ना कधी कुणीतरी पिंप आडवं कापून त्यात मांस ठेवतोच.

आपल्याकडे असा पट्टा कोणता, हे सांगायची गरज नाही. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२मध्ये एमआयडीसी आली, टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागे हजारो लहानमोठे पुरवठादार आले. भोसरीपासून मोशीमार्गे चाकण, तिथून महाळुंगे, निघोजे, खराबवाडी. या रस्त्यावर लेझर कटिंग, ब्रेक प्रेस, प्लेट रोलिंग, पावडर कोटिंग, हीट ट्रीटमेंट यांतलं काहीही मैल-दोन मैलांत सापडतं. तरी इथल्या ज्याला घरी बार्बेक्यू करायची हौस येते, तो आधी मोबाइलवर परदेशी स्मोकरच शोधत बसतो. त्याच्या ओळखीत तीन फॅब्रिकेटर असतात आणि तो स्वतः दिवसभर शंभर मायक्रॉनच्या फटीवरून पार्ट रिजेक्ट करतो. घरी मात्र फोटोतला रंग बघून ऑर्डर देतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: स्मोकर निवडताना बाकी सगळं विसरून एकच गोष्ट तपासावी. हवा कुठून आत जाते, कुठून बाहेर जाते आणि त्या दोन वाटांवर आपला ताबा किती आहे. बाकी चाकं, लाकडी मुठी आणि झाकणावरचं घड्याळ हे दिखाऊ काम.

आधी हे यंत्र नेमकं काय करतं ते पाहू, कारण तंदूर आणि सीगवरचा कबाब यांच्या सवयीतून गेलेला माणूस इथे गोंधळतो. तंदुरात चारशे अंशांच्या आसपास उष्णता असते आणि काम मिनिटांचं. स्मोकरमध्ये आतली हवा १०५ ते १३५ अंश सेल्सिअस ठेवायची आणि काम तासांचं. आपल्या घरांत शेगडी आणि बंब होते तोवर हे कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं. बंबाच्या खालचं दार किती उघडं ठेवायचं, आंघोळी उरकत आल्या की ते कधी लावायचं, हे घरातल्या पोरालाही कळे. स्मोकर चालवणं म्हणजे बंब चालवणंच, फक्त पाण्याऐवजी मांस. कोळसा किती घातला यावर तापमान ठरत नाही. त्याला प्राणवायू किती मिळतो, यावर ठरतं. दहा किलो कोळसा भरून ठेवला आणि खालची भोकं बोटभर उघडी ठेवली, तर तो दहा तास शांत जळतो. झाकण नीट बसत नसेल तर त्याच कोळशाची तासाभरात भट्टी होते.

म्हणून पारख सोपी. दुकानात झाकण लावा, आत मोबाइलची बॅटरी पेटवून ठेवा आणि अंधाऱ्या कोपऱ्यातून बघा. प्रकाश जिथून येईल तिथून हवा येणार. खालच्या हवेच्या झडपा सरकवून पाहा. ढिल्या असतील, मधल्या जागी थांबत नसतील, तर ते भांडं कितीही चकचकीत असो, घेऊ नये.

प्रकार बरेच आहेत, पण शहरी घरासाठी खरा विचार करावा असे थोडेच. वेबरछाप गोल किटली सगळ्यांत लवचिक. तिच्यात रोजचं भाजणंही होतं आणि कोळशाच्या वड्या कडेने दोन-दोनच्या ओळीत सापासारख्या मांडून एका टोकाला पेटवल्या, तर चार-पाच तास मंद आचही मिळते. वेबरचा उभा ‘बुलेट’ प्रकार १९८१पासून मिळतो. त्यात कोळसा आणि जाळी यांच्यामध्ये पाण्याचं भांडं असतं आणि पाणी उकळत राहिल्यामुळे तापमान आपोआप फार चढत नाही. नवशिक्याने तोच घ्यावा, असं मी बेलाशक सांगेन. जाड मातीचा किंवा सिरॅमिकचा जपानी वळणाचा कामाडो कोळसा अतिशय काटकसरीने खातो, पण तो इतका जड की तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवर चढवताना चार हमाल आणि एक देव लागतो.

बाजूला भट्टी असलेला आडवा टेक्सास प्रकार दिसायला सगळ्यांत रुबाबदार आणि फसवणूक सगळ्यांत जास्त यातच. मूळ जातीचे स्मोकर सहा मिलिमीटर प्लेटचे असतात. बाजारात त्याच चेहऱ्याचे एक-सव्वा मिलिमीटर पत्र्याचे येतात. पातळ पत्रा उष्णता धरत नाही, वाऱ्याची झुळूक आली की वीस अंश खाली आणि भट्टीचं दार वाकलं की हवा चारी बाजूंनी. दर अर्ध्या तासाने कोळसा घालत उभं राहण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा. इथे गेजचा हिशेब माहीत असणाऱ्यांना एवढं सांगितलं तरी पुरे: अठरा गेज म्हणजे सव्वा मिलिमीटर, सोळा म्हणजे १.६, चौदा म्हणजे दोन, दहा म्हणजे सव्वातीन. उभ्या पिंपाच्या स्मोकरला सोळा-अठरा गेज चालतं, कारण विस्तव आणि मांस एकाच नळकांड्यात असतात. आडव्याची भट्टी दहा गेजहून पातळ नसावी.

पिंपाचा स्मोकर हाच या पट्ट्याचा नैसर्गिक प्रकार आणि म्हणूनच त्याबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे.

दोनशे लिटरचं पोलादी पिंप साधारण ५८ सेंटिमीटर व्यासाचं आणि ८८ सेंटिमीटर उंचीचं असतं. एका माणसाला उचलता येतं, वर जाळी बसते, खाली कोळशाची टोपली. चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराच्या गोदामांमधून अशी पिंपं थप्प्यांनी मिळत. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेने तिथली हजारो अनधिकृत बांधकामं पाडली आणि तो धंदा आसपास पांगला. पण पिंप मिळायचं थांबलेलं नाही. प्रश्न आहे तो त्यात आधी काय होतं हा. कटिंग ऑइल, थिनर, फॉस्फेटिंगची रसायनं, हार्डनर, प्लेटिंगचे क्षार, या पट्ट्यात पिंपातून काय येत नाही! घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत अशा रसायनांनी माखलेल्या रिकाम्या पिंपांची स्वतंत्र नोंद आहे, पहिल्या अनुसूचीत, ३३.१ या क्रमांकावर. ती पिंपं साफ करण्याचा धंदा करणाऱ्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. ‘जाळून घेतलं की स्वच्छ होतं’ हे पिंपवाल्याचं वाक्य या यादीला लागू होत नाही. जड धातू जळून जात नसतात.

मग काय घ्यावं? नवं, आतून रंग किंवा लायनिंग नसलेलं पिंप. किंवा फळांचा पल्प ज्यातून येतो ते. आंब्याचा पल्प निर्यातीसाठी जंतुरहित पिशवीत भरतात आणि ती पिशवी पिंपात ठेवतात, म्हणजे पिंपाला पल्प लागलेलाच नसतो. झाकण पूर्ण निघणारं, वरून पट्टा आवळायचं असावं. बाहेरचा रंग आणि आतला काही लेप असेल तो मोकळ्या माळावर लाकडांचा जाळ करून पूर्ण जाळायचा, मग तारेच्या ब्रशने घासायचं, आतून तेलाचा हात फिरवून पुन्हा तापवायचं. बाहेरून उष्णतारोधक काळा रंग. पावडर कोटिंगचा मोह अनेकांना होतो, कारण शेजारच्याच शेडमध्ये ते होतं. साधं पॉलिएस्टर पावडर कोटिंग दोनशे अंशांच्या पुढे टिकत नाही आणि टोपलीच्या उंचीवरचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो.

तळाशी पाऊण इंची तीन-चार भोकं, त्यांतल्या एकाला नळी जोडून वर आणलेला बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे वाकावं लागत नाही. टोपली तळापासून दोन-तीन इंच वर, नाहीतर राख भोकं बुजवते. टोपलीच्या तळापासून जाळी साधारण दोन फूट उंच. जाळी एसएस ३०४च्या सळईची. गॅल्व्हनाइज्ड जाळी, जीआय डक्टचे तुकडे, जीआय नट-बोल्ट यांतलं काही विस्तवाजवळ नको. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि निखाऱ्याची उष्णता त्याच्या दुप्पट असते. जीआयवर वेल्डिंग करून रात्री थंडी-ताप आलेला वेल्डर या पट्ट्यातल्या प्रत्येक शॉपमध्ये एक तरी असतो. त्याला विचारावं, तो जास्त चांगलं सांगेल. झाकणाच्या फटीला दोरी बसवायची तर ग्लास फायबरची. फर्नेसची म्हणून मिळणारी जुनी पांढरी दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती स्वयंपाकाच्या भांड्याला लावण्याइतका वेडेपणा कुणी करू नये.

भंगारातली दुसरी मोहिनी म्हणजे पॅलेट. चाकणच्या रस्त्याने जाताना कारखान्यांच्या कुंपणाआड आयात यंत्रांच्या खोक्यांचं, पॅलेटचं लाकूड डोंगरासारखं रचलेलं दिसतं. फुकट किंवा नाममात्र. त्यावर गव्हाच्या लोंबीचं एक जागतिक चिन्ह छापलेलं असतं आणि शेजारी दोन अक्षरं. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं तर जवळही आणू नये. पण एचटी असलं तरी ते बहुतेक पाइन असतं, राळेने भरलेलं. त्याच्या धुराने मांसाला टर्पेंटाइनचा वास येतो. शिवाय त्या पॅलेटवर वाटेत काय सांडलं होतं, ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

धुराचं लाकूड या भागाच्या शेतात आहे. आंबा, पेरू, चिकू, जांभूळ, बोर, बाभूळ, चिंच, सगळी चालतात. सुरू, निलगिरी, कडुनिंब, ओलं लाकूड आणि फर्निचरच्या कारखान्यातल्या ढलप्या नकोत. पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगावपर्यंत गेलं तर जुन्नरच्या द्राक्षबागा लागतात. बाग जुनी झाली की वेल मुळासकट काढतात. त्याचं बुंध्याचं लाकूड वर्षभर वाळवून वापरावं, धूर गोडसर आणि हलका येतो. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीत निघणाऱ्या कोवळ्या काड्यांवर मात्र फवारण्या ताज्या असतात. त्या बागेतच राहू द्याव्यात. लाकूड मुठीएवढं, दोन-तीन तुकडे पुरतात. ते पाण्यात भिजवायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने फक्त आधी वाफ होते.

आता कोळसा. लाकडी कोळसा. दगडी कोळशाचं नावही काढू नये, त्यातल्या गंधकाने सगळं वाया जातं. बाजारात येतो तो बहुतांशी बाभळीचा किंवा वेड्या बाभळीचा. पोत्यात चुरा, माती, अधूनमधून दगडही निघतो. चाळून घ्यावा, कारण चुरा हवा अडवतो. पावसाळ्यात तो ओल धरतो, मग तडतडतो. झाकणाच्या पिंपात ठेवावा. करवंटीच्या कोळशाच्या वड्या एकसारख्या जळतात आणि लांब कामाला त्या बऱ्या. तंदूरवाले ठोक घेतात तिथून घेतला तर किराणा दुकानापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

पण हा कोळसा कुठून येतो?

घाटाच्या दोन्ही अंगांना, रायगडात आणि मावळ-मुळशीत, कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून सरकारदप्तरी नोंदलेल्या आहेत, त्यांतली ही एक. खैरापासून कात काढणं हा त्यांचा मूळ धंदा. जंगलावर सरकारचा हक्क बसला, कात काढणं सुटलं आणि हात कोळशाच्या भट्टीकडे वळले. ए. एन. वेलिंग यांनी १९३४मध्ये कातकऱ्यांवर पुस्तक लिहिलं, तेव्हाही कोळशाचं काम त्यांच्या उपजीविकेचा भाग होतं. १९२७च्या वन कायद्यात वनोपजाची व्याख्या आहे. जंगलातून आणलेला असो वा नसो, वनोपजच मानायच्या अशा वस्तूंच्या यादीत कोळसा आणि कात ही दोन्ही नावं आहेत. एका जमातीचे दोन धंदे कायद्याच्या एकाच ओळीत.

पावसाळा संपता संपता ठेकेदार उचल देतो. दिवाळी झाली की कुटुंबं चूलबोळकं घेऊन भट्टीवर जातात, ती मे अखेरपर्यंत. उचल फिटते की नाही हे हिशेबाची वही ज्याच्या हातात, तो ठरवतो. वेठबिगारी कायद्याने १९७६मध्येच रद्द झाली. तरी कोळसाभट्ट्या आणि वीटभट्ट्या यांवरून सोडवलेल्या कातकरी कुटुंबांच्या बातम्या त्यानंतरच्या प्रत्येक दशकात येत राहिल्या आहेत. तुमच्या हातात जे पोतं येतं, त्यावर यातलं काही लिहिलेलं नसतं. गाड्यांच्या सुट्या भागाला बॅच नंबर असतो, तो कुठल्या शिफ्टला कुठल्या मशीनवर झाला हे सांगता येतं. कोळशाच्या पोत्याला तसं काही नाही. निदान विकणाऱ्याला विचारावं, माल कुठल्या भागातला. उत्तर मिळेलच असं नाही.

त्या भट्टीचं काम मात्र समजून घेण्यासारखं आहे, कारण स्मोकर चालवण्याची विद्या तीच. ओंडके रचायचे, वर पाला, वर माती लिंपायची, खाली भोकं ठेवायची आणि पेटवायचं. हवा इतकीच द्यायची की लाकूड जळून राख होऊ नये, आतल्या आत शिजावं. पहिले दिवस दाट पांढरा धूर येतो, ती लाकडातल्या पाण्याची वाफ. मग तो पिवळसर, झोंबणारा होतो. शेवटी विरळ आणि निळसर होतो, तेव्हा कोळसा झाला असं समजून भोकं बुजवायची. घाई करून उघडलं तर सगळा ढीग भडकतो. लक्ष ठेवणारा रात्ररात्र जागतो, धुराचा रंग बघतो, इकडचं भोक बुजवतो, तिकडचं उघडतो. चार-पाच किलो वाळक्या लाकडामागे एक किलो कोळसा निघाला तर उत्तम, साध्या भट्टीत त्याहून कमीच निघतो.

स्मोकरवर हेच छोट्या प्रमाणात करायचं. टोपलीत न पेटवलेला कोळसा भरायचा, मध्ये लाकडाचे तुकडे खोचायचे आणि वर मूठ-दोन मूठ पेटलेले निखारे ठेवायचे. आग वरून खाली, सावकाश जाते. अमेरिकेत जिम मिनियन नावाच्या माणसाने ही रीत रूढ केली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. निखारे पेटवायला भोकाभोकांचं पत्र्याचं नळकांडं आणि खाली कागदाचा बोळा. रॉकेल, थिनर, पेट्रोल यांतलं काही नको, वास शेवटपर्यंत जात नाही. पहिली वीस-पंचवीस मिनिटं दाट पांढरा धूर येईल, तोवर मांस ठेवायचं नाही. पांढऱ्या धुरातलं अर्धवट जळलेलं डांबरी द्रव्य मांसावर बसतं आणि जीभ बधिर करणारा कडवटपणा येतो. धूर निळसर, जवळजवळ न दिसणारा झाला की ठेवायचं. वरचं धुराडं कायम पूर्ण उघडं. ताबा फक्त खालून. तापमान चढायला लागलं की लगेच झडप दाबायची, कारण एकदा दीडशेच्या वर गेलेला जाड पत्रा खाली यायला तासभर घेतो. हीट ट्रीटमेंटवाल्यांना हे सांगावं लागत नाही.

झाकणावरच्या घड्याळावर विश्वास ठेवू नये. भोसरीत के-टाइप थर्मोकपल आणि दाखवणारं मीटर सहज मिळतं. एक टोक जाळीजवळ, एक मांसात. आधी उकळत्या पाण्यात तपासून घ्यावं. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर राहतो, त्यामुळे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. मीटर शंभर दाखवत नाही म्हणून ते परत करायला जाऊ नये.

मांसाचं म्हणाल तर अमेरिकन पुस्तकं इथे अर्धी निकामी. त्यांचा जीव ज्या ब्रिस्केटमध्ये, म्हणजे गोमांसाच्या छातीच्या भागात, ते इथे होत नाही. गोवंशाचा कायदा २०१५पासून अधिक कडक झालेला आहे. आपलं मांस म्हणजे बोकड, कोंबडी आणि काही घरांत डुक्कर. बोकड चरबीने कमी, आकाराने लहान, आणि खाटकाचा हात त्याचे बारीक तुकडे करायला सरावलेला. आख्खी रान, म्हणजे मागची तंगडी, किंवा खांद्याचा भाग अखंड हवा, हे दोनदा सांगावं लागतं. खांदा रानेपेक्षा चांगला, त्यात चिवट धागे जास्त. मंद आचेवर सत्तर अंशांच्या पुढे ते धागे हळूहळू विरघळून जिलेटिन होतात. दीड किलोच्या खांद्याला १२० अंशांवर पाच-सहा तास धरा. मधे मांसाचं तापमान पासष्ट-सत्तरला येऊन तास-दीड तास हलतच नाही. नवखे तिथे घाबरून आच वाढवतात. बाहेर येणारा रस वाफ होताना मांसाला थंड करत असतो, एवढंच. त्या टप्प्यावर फॉइलमध्ये, थोडं तूप किंवा स्टॉक घालून, घट्ट गुंडाळलं की बोकडाला कोरडेपणा येत नाही. नव्वदच्या आसपास सळई लोण्यात गेल्यासारखी जाते, मग अर्धा तास तसंच झाकून ठेवायचं.

कोंबडी दुकानदार सवयीने सोलून देतो. कातडीसकट मागावी, नाहीतर छाती लाकडासारखी होते. तिला १३५ ते १५० अंश, दीड-दोन तास, मांडीच्या सांध्याजवळ निदान ७४ अंश. मसाल्याला मात्र इथे मोकळं रान. तंदुरात तिखट करपतं, म्हणून तिथे दही लागतं. ११०-१२० अंशांवर तिखट करपत नाही. कांदा-लसूण मसाला, मीठ, गुळाची पूड यांचा कोरडा हात आदल्या रात्री लावून ठेवला की पुरे. बाटलीतला अमेरिकन सॉस त्यावर ओतणाऱ्याचं मला काही कळत नाही.

धुरावर आणि निखाऱ्यावर मांस धरणं इथल्याही लोकांना नवं नव्हतं. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या चान्यांची नोंद आहे. मांसाच्या उन्हात वाळवलेल्या पट्ट्या, पुढे महिनोन् महिने निखाऱ्यावर भाजून खायच्या. त्यांना कधी दिवाळी अंकात ‘बार्बेक्यू’ म्हणून जागा मिळाली नाही.  रायगडात थंडीत वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला मडक्यात भरून पोपटी लावतात, तीही बंद भांड्यातली कोरडी आचच. आणि नोकरीसाठी इथे आलेल्या खानदेशी कुटुंबांना वांगं पऱ्हाटीच्या जाळावर भाजलं नाही तर ते भरीत वाटत नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

यातूनच या पट्ट्याची एक खास अडचण सुटते. इथल्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सहा तास स्मोकरपाशी बसायला सवड तीच, आणि नेमका दत्ताचा, साईबाबांचा, स्वामी समर्थांचा वार. घरात त्या दिवशी अंडंही फुटत नाही. देहू आणि आळंदी दोन्ही बाजूंना, त्यामुळे माळकरी शेजार तर असतोच. मग गुरुवार भाज्यांना द्यावा. चाकणच्या बाजारातला कांदा सालासकट दोन तास १२० अंशांवर ठेवला की आत मुरांब्यासारखा गोड होतो. रताळी, मक्याची कणसं, लसणाचे आख्खे गड्डे. वांग्याला वरून दीडशेच्या पुढची आच द्यावी लागते, नाहीतर साल सुटत नाही. पनीर अर्धा तासच, त्याहून जास्त झालं तर रबर. बोकड बुधवारी दुसऱ्या शिफ्टनंतर रात्री लावता येतो, पण बारा वाजल्यावर तो खायचा की नाही, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून सोडवावा.

शेजाऱ्यांचा प्रश्न सोडवणं जास्त कठीण. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनाकडे वळायला सांगितलं आणि महापालिकेच्या नोटिसा तंदूर लावणाऱ्या हॉटेलांपर्यंत गेल्या. ते धंद्यांसाठी. घरच्या स्मोकरवर तशी बंदी नाही, पण वाकड-रावेतच्या वीस मजली सोसायटीत गच्ची सगळ्यांची असते आणि निळा धूरही अठराव्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साड्यांना लागतो. आधी समितीकडून लेखी परवानगी घ्यावी. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर थेट ठेवू नये, खाली विटांचा थर आणि वर पत्रा. बाल्कनीत अजिबात नको, काचा सरकवलेल्या बाल्कनीत तर मुळीच नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसं झोपेत गेल्याच्या बातम्या दर थंडीत येतात. मावळात किंवा खेड तालुक्यात कुणाचं शेत, कुणाचा प्लॉट असेल तर सगळ्यांत उत्तम. तिथे वाळक्या गवतापासून दहा फूट जागा साफ करून घ्यावी आणि पाण्याची बादली हाताशी असावी.

काम झालं की पाणी ओतायचं नाही. खालची भोकं आणि वरचं धुराडं दोन्ही बंद. हवा तुटली की विस्तव आपोआप बसतो आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला जसाच्या तसा वापरता येतो. ज्याच्या स्मोकरमध्ये सकाळी नुसती राख सापडते, त्याच्या झाकणाला फट आहे असं समजावं. राख दोन दिवस लोखंडी डब्यात झाकून ठेवावी. वरून गार वाटणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही निखारा निघतो, आणि तशी राख घंटागाडीत गेली की पेट घेते.